नवा मॅक घेतल्यावर पायथन पुन्हा पुन्हा का बिघडतं

फेब्रुवारी म्हणजे निफाड तालुक्यात द्राक्षांची ऐन धावपळ. माझी भाची पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये हिशेबाचं आणि पॅकिंग लिस्टचं काम बघते. कुठल्या बागेतून किती माल आला, त्याच्या पेट्या किती निघाल्या, कुठली पेटी कुठल्या पॅलेटवर चढली, हे सगळं जुळवणारा प्रोग्रॅम तिनं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वतः लिहिलाय. कंटेनर भरायच्या आधी ती यादी छापून हातात पडावी लागते. मी नाशकात गंगापूर रोडला सॉफ्टवेअरची कामं करतो, त्यामुळे तिचं काही अडलं की फोन मला येतो.

जानेवारीत तिनं जुना इंटेलचा मॅकबुक बाजूला ठेवला आणि ॲपलच्या एम चिपचा नवा घेतला. दुकानातच 'मायग्रेशन असिस्टंट' लावून जुन्यावरचं सगळं नव्यावर उतरवून मिळालं. फोटो, फायली, एडिटर, पायथन, सगळं जागच्या जागी दिसत होतं. आणि चारच दिवसांत प्रोग्रॅम चालू होईना. 'नमपाय' हे आकडेमोडीचं पॅकेज (भाषेला जोडायची तयार पुरवणी) लोड होताना पडदाभर इंग्रजी मजकूर येई आणि त्याच्या शेवटाकडे एक ओळ असे: 'इन्कम्पॅटिबल आर्किटेक्चर, हॅव एक्स८६_६४, नीड आर्म६४'. म्हणजे फाइल सापडली, पण ती इंटेलच्या प्रोसेसरसाठी बनलेली आहे आणि हवी होती ॲपलच्या चिपसाठी बनलेली.

मी फोनवर सांगितलं, नमपाय काढ आणि परत टाक. तिनं टाकलं, चाललं. दुसऱ्या दिवशी फोन आला, "मामा, परत तेच आलंय. पण या वेळी उलटं लिहिलंय." उलटं म्हणजे 'हॅव आर्म६४, नीड एक्स८६_६४'. सगळी गोम त्या 'उलटं' शब्दात होती आणि ती माझ्या लक्षात आली नाही. मी आख्खं पायथन काढून नव्यानं टाकायला लावलं. तेही दोन दिवस चाललं. आठवड्यात चार वेळा असं झाल्यावर रविवारी मी स्वतः पिंपळगावला गेलो आणि तिच्या शेजारी बसून ती दिवसभर नेमकं काय करते ते पाहिलं.

दिवसा ती कोड एडिटरमध्ये काम करते आणि त्याच एडिटरच्या खालच्या पट्टीतल्या टर्मिनलातून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) प्रोग्रॅम चालवते. संध्याकाळी यादी छापायची वेळ झाली की एडिटर बंद करते आणि मॅकचं स्वतःचं टर्मिनल उघडून तिथून चालवते. पायथन तेच, फोल्डर तोच. चालू करायची जागा तेवढी वेगळी. मी दोन्हीकडे एकच कमांड द्यायला सांगितली. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, जशा तिला फोनवर सांगायचो तशा. टाइप करताना रोमन लहान अक्षरांतच करा.) कमांड होती 'युनेम', पुढे जागा सोडून 'उणे एम'. मॅकच्या टर्मिनलात उत्तर आलं 'आर्म६४'. एडिटरच्या टर्मिनलात उत्तर आलं 'एक्स८६_६४'. मशीन एक, प्रोसेसर एक, आणि उत्तरं दोन. तिथेच उलगडा झाला.

हे होतं कसं

ॲपलनं जून २०२० मध्ये इंटेल सोडून स्वतःच्या चिपकडे जायचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एम१ चिपचे पहिले मॅक आले. दोन्ही प्रोसेसरांची मशीन-भाषा वेगळी. जुने प्रोग्रॅम एका रात्रीत निकामी होऊ नयेत म्हणून मधे 'रोझेटा २' नावाचा दुभाषा बसवला, जो इंटेलच्या सूचना ॲपलच्या चिपला समजतील अशा करून देतो. तो इतका सफाईनं काम करतो की आपण इंटेलचा प्रोग्रॅम चालवतोय हे वापरणाऱ्याला जाणवतच नाही. भाचीचा एडिटर जुन्या मॅकवरून जसाच्या तसा आलेला, म्हणजे इंटेलचा होता. रोझेटातून तो निमूट चालत होता.

आता मुद्द्याची गोष्ट. इंटेलचा प्रोग्रॅम रोझेटातून चालत असला आणि त्यानं दुसरा प्रोग्रॅम सुरू केला, तर तो दुसराही शक्य असेल तर इंटेलच्याच रूपात उघडतो. एडिटर इंटेलचा, म्हणून त्यातलं टर्मिनल इंटेलचं, म्हणून त्यातून उघडलेलं पायथनही इंटेलचं. आईबापाचा वारसा लेकराकडे जावा, तसं हे खाली खाली उतरत जातं.

'शक्य असेल तर' असं म्हटलं, कारण ते फायलीवर अवलंबून आहे. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरचा मॅकचा इन्स्टॉलर 'युनिव्हर्सल२' प्रकारचा असतो, ३.९.१ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून. त्या एकाच फायलीत दोन्ही प्रोसेसरांचा कोड भरलेला असतो. इंटेलच्या टर्मिनलातून बोलावलं तर ती इंटेल म्हणून उठते, ॲपलच्या टर्मिनलातून बोलावलं तर आर्म म्हणून. पायथनपुरतं हे सोयीचंच आहे. अडचण त्याच्या पॅकेजांची आहे. नमपाय, पांडाज यांच्या पोटात सी भाषेत लिहून आधीच कंपाइल केलेल्या, म्हणजे ठरावीक प्रोसेसरच्या भाषेत उतरवलेल्या, फायली असतात. पिप, म्हणजे पॅकेजं आणून बसवणारं पायथनचं साधन, पॅकेज आणतं तेव्हा त्या क्षणी पायथन ज्या रूपात चालू असेल त्याच रूपाची फाइल आणतं. आणि दोन्ही रूपांसाठी ती ठेवायची जागा, 'साइट-पॅकेजेस' फोल्डर, एकच.

म्हणजे घडत होतं ते असं. सकाळी एडिटरमधून नमपाय टाकलं, इंटेलचं आलं, दिवसभर चाललं. संध्याकाळी टर्मिनलातून आर्मचं पायथन उठलं, त्यानं त्याच फोल्डरात हात घातला आणि इंटेलची फाइल पाहून थांबलं. मग मी फोनवर सांगितलं, काढून परत टाक. तिनं टर्मिनलातूनच टाकलं, आर्मचं आलं, यादी छापली गेली. दुसऱ्या दिवशी एडिटर उघडला की तोच प्रकार उलट्या बाजूनं. आमचा प्रत्येक उपाय पुढच्या बिघाडाची सोय करून ठेवत होता.

यात एक फसगत अशी की पिपला नुसतं 'इन्स्टॉल नमपाय' म्हटलं तर ते म्हणतं 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड'. नाव आणि आवृत्ती जुळली की त्याचं समाधान होतं, आतली फाइल कुठल्या प्रोसेसरची आहे ते तिथे तपासलं जात नाही. त्यामुळे 'पॅकेज तर आहे, मग लोड का होत नाही' या प्रश्नात माणूस अर्धा दिवस घालवतो.

दुसरी फसगत व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे एकेका कामासाठी केलेल्या पॅकेजांच्या वेगळ्या कप्प्याची. पुष्कळांना वाटतं की आपण वेगळं एन्व्हायर्नमेंट केलंय, म्हणजे सुरक्षित आहोत. भाचीनंही केलं होतं. पण एन्व्हायर्नमेंटमधलं पायथन म्हणजे बहुधा मूळ पायथनकडे बोट दाखवणारी लिंक असते. मूळ फाइल दोन्ही रूपांची असेल तर एन्व्हायर्नमेंटमध्येही दोन्ही रूपं उठतात आणि हीच खडाखडी तिथेही चालते.

आधी तपासा, मग हात लावा

तुमच्याकडे असं काही होत असेल तर भाषा काढून परत टाकायच्या आधी दहा मिनिटं नुसती पाहणी करा. जिथून जिथून प्रोग्रॅम चालवता त्या प्रत्येक ठिकाणी 'युनेम उणे एम' द्या: टर्मिनल, एडिटर, नोटबुक, ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम. उत्तरं वेगवेगळी आली तर दोष पायथनचा नाही, बोलावणाऱ्याचा आहे. टर्मिनल नको वाटत असेल तर 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर' उघडून 'काइंड' हा रकाना बघा. प्रत्येक चालू प्रोग्रॅमपुढे 'ॲपल' किंवा 'इंटेल' असं लिहिलेलं असतं. भाचीच्या यादीत सहा प्रोग्रॅमांपुढे 'इंटेल' निघालं आणि त्यांतला एक हा एडिटर होता.

मग 'विच उणे ए पायथन३' द्या. मशीनवर जितकी पायथनं वाटेत सापडतात तितकी ओळीनं दिसतात, आणि सगळ्यात वरची असेल ती चालते. तिच्याकडे तीन निघाली: अधिकृत इन्स्टॉलरचं, जुन्या होमब्रूचं (मॅकवर टर्मिनलातून प्रोग्रॅम टाकायचं साधन) आणि मॅकच्या डेव्हलपर टूल्सबरोबर येणारं. प्रत्येक मार्गापुढे 'फाइल' ही कमांड लावली की ती कुठल्या प्रोसेसरची आहे ते कळतं. काही वेळा मधे नुसती लिंक असते, तेव्हा 'फाइल' कमांडला मोठ्या अक्षरातला 'उणे एल' जोडा म्हणजे ती मूळ फायलीपर्यंत पोचते.

एखाद्याला 'बॅड सीपीयू टाइप इन एक्झिक्युटेबल' असं दिसेल. नव्या मॅकवर रोझेटा टाकलेलंच नाही आणि तुम्ही नुसती इंटेलची फाइल चालवू पाहताय, असा त्याचा अर्थ. तिथे लगेच रोझेटा टाकायचा मोह होतो. माझं मत असं की थांबा आणि ही जुनी फाइल अजून वाटेत का आहे ते आधी शोधा. रोझेटा टाकलं की चूक दिसेनाशी होते आणि वर लिहिलेल्या घोटाळ्यात रूपांतर होऊन परत येते.

मुळातून साफ करताना

क्रमाला महत्त्व आहे. वरून खाली या: आधी बोलावणारे प्रोग्रॅम, मग होमब्रू, मग भाषा, सगळ्यात शेवटी पॅकेजं. आम्ही चारही वेळा खालूनच, पॅकेजांपासून नाहीतर भाषेपासून, सुरुवात केली होती, म्हणून ते टिकलं नाही.

एडिटर काढून त्याची 'ॲपल सिलिकॉन' आवृत्ती उतरवून घेतली. त्याच्या सेटिंग्ज वेगळ्या फोल्डरात असतात, त्यामुळे काही गेलं नाही. मॅकच्या टर्मिनलाबाबत एक तपासा: फाइंडरमध्ये त्याच्यावर 'गेट इन्फो' केलं की 'ओपन युझिंग रोझेटा' असा चौकोन आहे का ते बघा. पूर्वी कुणाच्या तरी सल्ल्यानं तिथे टिक मारून विसरून गेलेले बरेच जण मला भेटलेत. टिक काढा आणि टर्मिनल पूर्ण बंद करून परत उघडा. नुसती खिडकी मिटवून उपयोग नाही, मागे प्रोग्रॅम चालूच राहतो आणि जुनंच रूप धरून बसतो.

होमब्रूला मी जास्त वेळ दिला, कारण खरी अडगळ तिथेच असते. इंटेलच्या मॅकवर होमब्रू 'यूएसआर-लोकल' या फोल्डरात राहतं, ॲपलच्या चिपवर 'ऑप्ट-होमब्रू'मध्ये (अशा मार्गांत आडव्या रेघेच्या जागी तिरकी रेघ समजा). हे फेब्रुवारी २०२१ च्या ३.०.० आवृत्तीपासून अधिकृत झालं. मायग्रेशननं जुना फोल्डर आख्खा उचलून आणलेला असतो. मग नव्या टर्मिनलातून काही टाकायला जावं तर जुनं होमब्रू म्हणतं की आर्म प्रोसेसरवर इंटेलच्या जागेत मी काही टाकणार नाही. उलट नवं होमब्रू टाकून ते रोझेटाच्या टर्मिनलातून चालवलं तर ते म्हणतं की रोझेटाखाली आर्मच्या जागेत काही टाकणार नाही. दोन्ही संदेश वाचून चिडायला होतं, पण या सगळ्या प्रकरणात स्पष्ट आणि खरं बोलणारं साधन होमब्रूच आहे. तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात ते ते सांगतं.

जुनं काढायच्या आधी 'ब्रू बंडल डंप' करा. टाकलेल्या सगळ्या गोष्टींची यादी 'ब्रूफाइल' नावाच्या फायलीत उतरते. तशी जुनं होमब्रू ठेवून शेजारी नवं टाकण्याची पद्धतही आहे, आणि काही जण वर्षानुवर्षं दोन्ही सांभाळतात. मी ते कुणाला सुचवत नाही. भाषा नव्यानं कंपाइल करताना जुन्या 'यूएसआर-लोकल'मधली लायब्ररी हाताला लागते. लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) तिथे हळूच एक सूचना देतो, 'इग्नोरिंग फाइल', कारण ती एक्स८६_६४ ची आहे. ती नुसती सूचना असते, काम थांबत नाही. दीडदोनशे ओळींनंतर 'सिम्बॉल्स नॉट फाउंड फॉर आर्किटेक्चर आर्म६४' म्हणून कंपाइल कोसळतं, किंवा त्याहून वाईट, पायथन तयार होतं पण 'एसएसएल'शिवाय, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीच्या सोयीशिवाय, आणि पिपला इंटरनेटवरून काहीच आणता येत नाही. अशा वेळी शेवटची ओळ वाचून थांबू नका, वर सरकत 'इग्नोरिंग फाइल' शोधा. कारण तिथे लिहिलेलं असतं.

म्हणून यादी काढली, नवं होमब्रू टाकलं, 'ब्रू बंडल'नं यादीतलं सगळं नव्यावर आणलं आणि जुनं त्याच्याच अनइन्स्टॉल स्क्रिप्टनं काढलं. स्क्रिप्टला जुन्या फोल्डरचा मार्ग स्पष्ट द्यावा, नाहीतर नवंच पुसलं जायचं.

यानंतरही पहिल्यांदा जुनाच मार्ग वर येत होता. कारण सापडलं टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या 'झेडएसएचआरसी' फायलीत. 'यूएसआर-लोकल-बिन' सगळ्यांच्या आधी लावणारी एक ओळ तिनं जुन्या मॅकवर कधीतरी लिहिली होती. नव्या होमब्रूची ओळ 'झेडप्रोफाइल'मध्ये जाते आणि झेडएसएचआरसी त्याच्यानंतर वाचली जाते, त्यामुळे शेवटी जुनी ओळच वरचढ ठरते. ती पुसली.

पायथनचं मग सोपं होतं. होमब्रूचं पायथन घेतलं. ते फक्त आर्मचं असतं, त्याच्या पोटात इंटेलचं रूपच नाही. उद्या कुणी चुकून इंटेलच्या एडिटरमधून ते बोलावलं तरी ते आर्म म्हणूनच उठतं, म्हणजे खडाखडीला जागाच उरत नाही. ज्यांना पायएन्व्हनं वेगवेगळ्या आवृत्त्या ठेवायच्या असतात त्यांनी 'व्हर्जन्स' फोल्डरात जुन्या मॅकवरून आलेल्या सगळ्या आवृत्त्या काढून नव्यानं कंपाइल कराव्यात. त्या नावानं सारख्या दिसतात, पण इंटेलच्या असतात.

एन्व्हायर्नमेंट दुरुस्त करत बसू नका. 'पिप फ्रीझ'नं पॅकेजांची यादी काढा, फोल्डर पुसा, नवं करा, यादीवरून परत टाका. यादीतल्या आवृत्त्या फार जुन्या असतील तर आर्मची तयार फाइल मिळत नाही आणि पिप ती घरी कंपाइल करायला घेतं. पडदाभर लाल अक्षरं बहुधा त्याचीच. तेवढ्या पॅकेजाची आवृत्ती वाढवून बघा. तुम्ही कधी 'उणे उणे युझर' देऊन पॅकेजं टाकली असतील तर ती घरच्या फोल्डरातल्या 'लायब्ररी'मधल्या 'पायथन'मध्ये पडून असतात. तिथेही नजर टाका. भाचीकडे तिथे नमपायची तिसरी प्रत निघाली.

बाकीच्या भाषांचं थोडक्यात. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडला ॲपलच्या चिपसाठी तयार फाइल आवृत्ती १६ पासून मिळते. त्याआधीची हवीच असेल तर 'आर्च उणे एक्स८६_६४' लावून मुद्दाम इंटेलचं टर्मिनल उघडून टाकावी लागते, आणि कुठलीही असो, 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर पुसून परत आणावा. रस्टमध्ये 'रस्टअप शो' बघा. होस्ट इंटेलचा दिसला तर टूलचेन (भाषेची कंपाइल करायची साधनं) जुन्या मॅकवरून आलेली आहे. जावाला मॅकच्या आर्मसाठी मुख्य प्रकल्पात जागा मिळाली जेडीके १७ मध्ये, सप्टेंबर २०२१ ला. रूबीत कंपाइल होणारी जेम्स (रूबीची पॅकेजं) परत टाकावी लागतात आणि 'जेमफाइल लॉक'मध्ये नवा प्लॅटफॉर्म जोडावा लागतो.

आणखी एक चूक याच घराण्यातली आहे आणि ती उशिरा कळते. भाची तिचा प्रोग्रॅम डॉकरच्या इमेजमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं असलेल्या गाठोड्यात) बांधून भाड्याच्या सर्व्हरवर पाठवते. सर्व्हर इंटेल जातीच्या प्रोसेसरचा. नव्या मॅकवर बांधलेली इमेज आपोआप आर्मची झाली आणि सर्व्हरवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येऊन पडली. मॅकवर मात्र ती उत्तम चालत होती. बांधतानाच 'प्लॅटफॉर्म लिनक्स-एएमडी६४' (इथेही मधे तिरकी रेघ) सांगितलं की झालं. नावात एएमडी असलं तरी इंटेलच्या ६४-बिट प्रोसेसरसाठीही तेच.

हे सगळं करायला रविवारची दुपार गेली. 'रोझेटावर चाललंय ना, चालू दे' असं म्हणणारे आहेत, पण ॲपलनं जून २०२५ मध्येच सांगून टाकलंय की सर्वसाधारण वापरासाठी रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच राहील. निघण्याआधी भाचीनं प्रोग्रॅमच्या सुरुवातीला स्वतःहून चार ओळी घातल्या: पायथन कुठल्या मार्गावरचं आहे आणि कुठल्या प्रोसेसरच्या रूपात चालू आहे ते आधी छापायचं, आणि आर्म६४ नसेल तर तिथेच थांबायचं. मार्चमध्ये पॅकहाउसनं दुसरा मॅक घेतला, तोही तसाच मायग्रेशन करून. त्यावर पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवल्या चालवल्या 'एक्स८६_६४' छापून तो थांबला. तिनं थेट एडिटर बदलला. मला तिनं हे सांगितलं ते पुढच्या रविवारी, घरी जेवायला आली तेव्हा.